महाकाय जहाज बंदरातून काढताना टग नेमकं करतात काय?

जळगावच्या रथोत्सवात रथ ओढायला हजारो हात असतात. दोराला हात लागावा म्हणून लोक जिवाचा आटापिटा करतात. पण रथ कुठे वळणार आणि कुठे थांबणार, हे ठरवतात चाकांपाशी वाकून चालणारी मोजकी माणसं. त्यांच्या हातात मोगरी असते, म्हणजे पाचरीसारखा लाकडी ठोकळा. ती चाकाखाली कोणत्या बाजूने आणि किती सरकवायची, यावर तो अवाढव्य रथ अरुंद रस्त्यातून वळतो किंवा जागच्या जागी थबकतो. सगळ्यात जास्त धोका मोगरीवाल्यांना, आणि फोटोत मात्र ते क्वचितच दिसतात.

भाऊच्या धक्क्यावरून मोऱ्याला जाणाऱ्या लाँचमध्ये बसलं आणि लांबवर न्हावा-शेव्याहून निघालेलं कंटेनर जहाज दिसलं, की मला हे मोगरीवाले आठवतात. एकदा शेजारचे काका नातवाला दाखवत होते, "बघ, एवढीशी बोट केवढं मोठं जहाज ओढून नेतेय!" नातवाने लगेच विचारलं, "मग जहाजाला स्वतःचं इंजिन नाही का?" काका गप्प झाले. मीही गप्पच बसलो, कारण लाँच धक्क्याला लागत होती आणि उत्तर पाच मिनिटांत देण्यासारखं नव्हतं. ते इथे देतो. ती 'एवढीशी बोट' म्हणजे टग.

इंजिन असतं, आणि कसलं! मोठ्या कंटेनर जहाजाचं मुख्य इंजिन 50 ते 80 हजार अश्वशक्तीचं असू शकतं. बंदरातल्या चांगल्या टगची ताकद साधारण 5 हजार अश्वशक्ती. म्हणजे नुसत्या जोराचा प्रश्न असता, तर जहाजानेच टगला ओढून नेलं असतं. जहाजाची अडचण दुसरीच आहे. त्याला हळू जाता येत नाही, आणि आडवं तर मुळीच जाता येत नाही.

आधी हळू जाण्याचं बघू. आपल्या गाडीत क्लच असतो, गिअर असतात. या जहाजांच्या इंजिनाचा दांडा थेट पाण्याखालच्या पंख्याला जोडलेला असतो, मध्ये काही नाही. इंजिन फिरलं की पंखा फिरलाच. इंजिन मिनिटाला पंचवीस-तीस फेऱ्यांच्या खाली नीट चालत नाही, बंद पडतं. त्यामुळे जहाजावर 'डेड स्लो अहेड' म्हणजे सगळ्यात हळू पुढे, असा हुकूम दिला, तरी मोठं कंटेनर जहाज सहा-सात नॉटपर्यंत वेग धरतं. सात नॉट म्हणजे ताशी तेरा किलोमीटर, रमतगमत चालवलेल्या सायकलीइतका वेग. मोकळ्या समुद्रात तो काहीच नाही. पण साडेतीनशे मीटर लांब आणि पावणेदोन-दोन लाख टन वजनाची वस्तू धक्क्याच्या भिंतीपासून पन्नास मीटरवर सायकलच्या वेगाने निघाली, तर तिथल्या लोकांचं काय होईल, याची कल्पना करा.

मग थांबायचं कसं? ब्रेक नाहीत. वेग मोडायचा तर इंजिन बंद करून उलट्या दिशेने सुरू करावं लागतं. तेही किल्ली फिरवून होत नाही. टाक्यांत भरून ठेवलेली दाबाची हवा सिलिंडरमध्ये सोडून ते अजस्र धूड फिरवायला लागतं. नियम असा की टाक्या पुन्हा न भरता अशा इंजिनाला निदान 12 वेळा सुरू करता येईल एवढी हवा साठ्यात हवी. बारा पुष्कळ वाटतात. पण कप्तानाला मनात मोजत बसावं लागतं, हा नववा, हा दहावा. बंदरात पुढे-मागे, पुढे-मागे करायला हे इंजिन बनलेलंच नाही. ते बनलंय कोलंबोहून रॉटरडॅमला दिवसेंदिवस एका लयीत धावायला.

आता वळण्याचं. सुकाणू म्हणजे पाण्यात उभी धरलेली फळी. पाणी तिच्यावरून वाहत असेल तरच ती जहाज वळवते. होडी थांबलेली असताना सुकाणू कितीही फिरवा, होडी हलत नाही, हे कोळ्याच्या पोरालाही ठाऊक असतं. म्हणजे जहाज जितकं हळू, तितकं सुकाणू निकामी. आणि बंदरात तर हळूच जायचंय. काही जहाजांना नाळेजवळ, म्हणजे पुढच्या टोकाजवळ, आडव्या बोगद्यात एक पंखा बसवलेला असतो, त्याला बो थ्रस्टर म्हणतात. तो नाळ डावी-उजवीकडे ढकलतो. पण जहाजाने चार-पाच नॉटचा वेग धरला की त्याचा जोर ओसरतो. शिवाय मागच्या टोकाचं काय, हा प्रश्न उरतोच.

या सगळ्यात भर घालतो वारा. मला स्वतःला हा भाग फार आवडतो, कारण तो शाळेतल्या भौतिकशास्त्राने सुटतो. समजा, जहाज 300 मीटर लांब आहे आणि रचलेल्या कंटेनरांसकट पाण्याच्या वर 35 मीटर उंच. म्हणजे वाऱ्याला आडवी उभी राहिलेली साडेदहा हजार चौरस मीटरची भिंत. 20 नॉटचा, म्हणजे ताशी 37 किलोमीटरचा वारा या भिंतीवर साधारण 68 टन वजनाइतक्या जोराने रेटतो. वारा 30 नॉटचा झाला तर? दीडपट वारा म्हणून दीडपट जोर, असं वाटेल. पण जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे आकडा 150 टनांच्या पुढे जातो. पावसाळ्यातल्या सरीबरोबर असा झोत दहा मिनिटांत येतो आणि जातो. शीड नसलेलं जहाज, पण खरं तर ते नुसतं शीडच आहे, आणि हे शीड उतरवताही येत नाही.

हे 68 आणि 150 आकडे लक्षात ठेवा, कारण टगची ताकदही टनांतच मोजतात. त्याला बोलार्ड पुल म्हणतात आणि तो मोजायची रीत मोठी गंमतशीर आहे. टगला धक्क्यावरच्या लोखंडी खुंट्याला, म्हणजे बोलार्डला, दोराने बांधायचं. मध्ये ताण मोजणारं यंत्र लावायचं. मग टगने पूर्ण ताकदीने जमीन ओढायची. जमीन येत नाही, पण यंत्रावर आकडा येतो. बंदरातले आजचे टग साधारण 50 ते 80 टनांचे. म्हणजे 20 नॉटच्या वाऱ्यात आपलं काल्पनिक जहाज नुसतं जागेवर धरायलाही 60 टनांचा एक टग पुरत नाही. 30 नॉटला तीन हवेत, तेही कुठे हलवायचं नसेल तर. एखाद्या दिवशी बंदरात जहाजांची ये-जा का थांबवतात, ते या हिशोबातून कळतं.

टग दिसतो ठेंगणा. लांबी तीसेक मीटर, म्हणजे तीन एसटी बस एकामागे एक लावल्या तर होईल तेवढी. पण त्याच्या पोटात राजधानी एक्सप्रेस ओढणाऱ्या विजेच्या इंजिनाच्या आसपास ताकद कोंबलेली असते. बाकी बोट म्हणजे त्या इंजिनांना तरंगत ठेवायची सोय. खरी करामत पाण्याखाली आहे. जुन्या टगला जहाजासारखाच एक पंखा आणि मागे सुकाणू असायचं. आताच्या टगना बहुधा दोन पंखे असतात, आणि ते उभ्या दांड्याभोवती पूर्ण गोल फिरतात. टेबलफॅन हातात धरून वाऱ्याची दिशा हवी तिकडे वळवावी, तसं. दोन्ही पंखे मागे रोखले की टग पुढे. एकमेकांविरुद्ध रोखले की इंजिनं पूर्ण जोरात घुमताहेत आणि टग जागचा हलत नाही. थोडे तिरके केले की खेकड्यासारखा आडवा. टगचा कप्तान चारी बाजूंनी काचा असलेल्या खोलीत बसतो, दोन्ही हातांखाली दोन मुठी, आणि त्याच्या मनगटाबरोबर पाच हजार अश्वशक्ती वळते.

टग जहाजाला धरतो कसा? दोन रीती. एक, कुशीला नाक लावून ढकलायचं. टगच्या नाकावर जाड रबर असतं ते यासाठी. पण जहाजाला कुठेही ढकलून चालत नाही. बाहेरून अभेद्य दिसणारा पत्रा दोन फासळ्यांच्या मध्ये दबू शकतो. म्हणून जहाजाच्या अंगावर ठरावीक ठिकाणी पांढऱ्या अक्षरांत 'टग' असं रोमन लिपीत लिहिलेलं असतं आणि बाण काढलेला असतो. आतली चौकट तिथे भक्कम असते, तिथेच नाक लावायचं. पुढच्या वेळी जहाजाचा फोटो बघाल तेव्हा ही अक्षरं शोधा, सापडतातच.

दुसरी रीत दोराची. जहाजावरचा खलाशी आधी एक पातळ दोरी खाली टगवर फेकतो. टोकाला वजनदार गाठ असते, वाऱ्यात भरकटू नये म्हणून. टगवरचा माणूस त्या दोरीला जरा जाड दोर बांधतो, जाड दोराला त्याहून जाड, आणि शेवटी टगचा मुख्य दोर वर चढतो. त्याचा फासा जहाजाच्या बोलार्डवर अडकतो. हा दोर आता पोलादी नसतो. विशिष्ट प्लास्टिकच्या धाग्यांचा असतो, वजनाच्या मानाने पोलादापेक्षा कितीतरी मजबूत, आणि पाण्यावर तरंगतो. टगच्या डेकवर काम करणाऱ्यांच्या कमरा यामुळे वाचल्या. तरी ताणलेल्या दोराच्या रेषेत कुणी उभं राहायचं नाही, हा नियम पोलादाच्या काळात होता तसाच आहे. तुटलेला दोर बघून चुकवता येत नाही.

एक बारकी गोष्ट इथे सांगायलाच हवी. टग ओढतो तेव्हा त्याचा पंखा पाणी मागे फेकतो. मागे काय आहे? जहाजच. दोर आखूड असेल तर ते पाणी थेट जहाजाच्या कुशीवर आदळतं आणि जहाजाला उलट ढकलतं. म्हणजे एका हाताने ओढायचं आणि दुसऱ्याने लोटायचं. म्हणून जागा असेल तिथे दोर लांब सोडतात. बंदरात जागाच कमी असते, ही गोष्ट वेगळी.

आता प्रत्यक्ष निघू या. न्हावा-शेव्याचं जवाहरलाल नेहरू बंदर 1989 मध्ये सुरू झालं. मुंबई बंदराची गर्दी हलकी करायला बांधलेलं हे बंदर आता देशातल्या सगळ्यात मोठ्या कंटेनर बंदरांपैकी आहे. बाहेर पडायची वाट मात्र मुंबईच्या खाडीतूनच जाते. एका बाजूला घारापुरी, दुसऱ्या बाजूला उरणचा किनारा, आणि मध्ये गाळ काढून खोल ठेवलेला पाण्याखालचा रस्ता. इथे उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीत चार-पाच मीटरचा फरक पडतो. भांगेच्या, म्हणजे लहान भरतीच्या, दिवसांत तो बराच कमी. पूर्ण भरलेलं मोठं जहाज पाण्यात चौदा-पंधरा मीटर बुडालेलं असतं, म्हणून निघायची वेळ घड्याळ नाही, भरती ठरवते.

जहाजावर बंदराचा पायलट चढतो. या पाण्याची त्याला खडान्‌खडा माहिती असते. हुकूम तो सोडतो, पण जहाजाची अंतिम जबाबदारी कप्तानाकडेच राहते. दोघं पुलावर, म्हणजे जहाजाच्या ब्रिजवर उभे. एक टग नाळेशी, एक पिछाडीला, आणि जहाज मोठं असेल तर कुशीला आणखी एक-दोन. पायलटला यातला एकही टग नीट दिसत नाही. तो पन्नास मीटर उंचावर, समोर कंटेनरांच्या राशी. सगळा कारभार वॉकीटॉकीवर चालतो.

धक्क्यावरचे दोर एकेक करून सोडले जातात. शेवटचा सुटेपर्यंत टग जहाजाला हलकेच धक्क्याशी दाबून धरतात, नाहीतर वारा आधीच त्याला घेऊन जाईल. मग पायलट म्हणतो, "फॉरवर्ड टग, पुल स्लो. आफ्ट टग, पुल स्लो." म्हणजे पुढच्याने आणि मागच्याने हळू ओढायचं. दोन्ही टग तेच शब्द परत म्हणतात. ऐकलं आणि समजलं, याची ती पावती. काही क्षण काहीच होत नाही. दोर ताठ होतात, त्यांतून पाणी निथळायला लागतं, टगच्या मागे फेस उसळतो आणि जहाज ढिम्म. कारण नुसतं जहाज हलवून भागत नाही. जहाज आणि धक्का यांच्यामधली फट उघडते, तेव्हा तिथे भरायला पलीकडचं पाणी तळाखालून वळसा घालून यावं लागतं, आणि तळाखाली जागा जेमतेम. मग काळ्या रबरी फेंडर आणि जहाजाच्या मध्ये उजेडाची एक चीर दिसते. हातभर, मग वावभर, मग एका जहाजाच्या रुंदीएवढी.

आणि इथून टगचं खरं काम उलटं होतं. दोन लाख टन एकदा सरकायला लागले की सरकतच राहतात. पायलट ओढायला लावतो त्यापेक्षा जास्त वेळा आवरायला लावतो. आडवा वेग वाढला की थांबव, नाळ जास्त वळली की उलट ओढ. जहाज वळवायचं असेल तर नाळेचा टग एकीकडे आणि पिछाडीचा दुसरीकडे, आणि जहाज घड्याळाच्या काट्यासारखं मधल्या बिंदूभोवती फिरतं. मग मुख्य इंजिन सुरू होतं, ते 'सगळ्यात हळू'. पिछाडीचा टग आता जहाजामागे दोराने बांधलेला, त्याचंच ओझं ब्रेकसारखं काम करतं आणि तो डावी-उजवीकडे सरकला की सुकाणूसारखं. बैलाची वेसण मागून धरल्यासारखा हा प्रकार. म्हणून मोगरीवाले आठवतात.

यात टगचा जीव कधी जातो, तेही सांगतो. जहाजाने वेग घेतला आणि टग मागे पडून दोर त्याच्या कुशीतून आडवा ताणला गेला, तर जहाज त्याला आडवं ओढत नेतं आणि काही सेकंदांत उलटं करतं. खलाशांच्या इंग्रजीत याला गर्टिंग म्हणतात. 19 डिसेंबर 2007 ला स्कॉटलंडच्या क्लाइड नदीत दाट धुक्यात 'फ्लाइंग फँटम' नावाचा टग एका मालवाहू जहाजाला ओढताना असाच उलटला. चार जणांपैकी तिघे गेले. दोर झटक्यात सोडायची कळ प्रत्येक टगवर असते. पण ती दाबायचा क्षण ओळखायला लागतो, आणि दाबल्यावर दोर खरोखर लगेच सुटायलाही लागतो.

जाता जाता, याच मुलखातली जुनी गोष्ट. 1803 मध्ये स्कॉटलंडच्याच एका कालव्यात 'शार्लट डंडस' नावाच्या वाफेच्या बोटीने 70 टनांचे दोन पडाव समोरच्या वाऱ्यात तीसेक किलोमीटर ओढून नेले. टगचा इतिहास सांगताना लोक इथूनच सुरुवात करतात. कालव्याच्या मालकांनी मात्र बोट नाकारली. लाटांनी काठ ढासळतील, ही भीती.

आता सगळ्यात अवघड प्रश्न: टग सोडायचे कधी? जहाजाने वेग घेतला की सुकाणूला पाणी मिळतं आणि टगची गरज कमी होते. टगचं बळही आटतं, कारण जहाजाबरोबर धावण्यातच त्याची ताकद खर्च होते. सहा-सात नॉटच्या पुढे बंदरातला साधा टग आडवा धक्का फारसा देऊ शकत नाही. शिवाय प्रत्येक तासाचं भाडं असतं, आणि पुढचं जहाज वाट बघत असतं. म्हणून वाट सरळ झाली की दोर सोडतात. जगभर हीच पद्धत.

26 मार्च 2024 च्या रात्री अमेरिकेत बाल्टिमोरहून 'डाली' हे 300 मीटर लांबीचं कंटेनर जहाज कोलंबोला निघालं. खलाशी बहुतेक सगळे भारतीय. दोन टगनी ते धक्क्यावरून काढलं, वाटेला लावलं आणि एक वाजून सातच्या सुमारास टग सुटले. चुकीचं काही नव्हतं. एक पंचविसाच्या आसपास जहाजावरची वीज गेली. समोर फ्रान्सिस स्कॉट की पूल होता, जेमतेम एक किलोमीटरवर. वीज गेली म्हणजे पंप बंद, पंप बंद म्हणजे मुख्य इंजिन बंद. सुकाणूला पाणी पुरवणारा पंखाच थांबला. 1 वाजून 26 मिनिटं 39 सेकंदांनी पायलटने जवळपासच्या टगना बोलावलं. सुटलेल्यांपैकी एक मागे फिरला. नांगर टाकायचा हुकूम सुटला. 1 वाजून 29 मिनिटांनी सात नॉटच्या आतबाहेर वेगाने जहाज पुलाच्या खांबावर आदळलं आणि पूल कोसळला. रस्त्याची दुरुस्ती करणारे सहा कामगार मेले. पुढे तपासात वीज जाण्याचं कारण निघालं एक सैल तार. तारेवर नाव लिहिलेली पट्टी चुकीच्या जागी बसल्यामुळे ती खाचेत पूर्ण शिरलीच नव्हती.

टग बरोबर असते तर? सात-आठ नॉटला साधा टग कितपत उपयोगी पडला असता, यावर वाद होऊ शकतो. मला वाटतं, दोर बांधलेलाच असता तर निदान प्रयत्न करता आला असता. मागे फिरून येणाऱ्या टगला तेवढी मिनिटंच मिळाली नाहीत. जास्त वेगातही जहाजाला आवरू शकणारे टग वेगळे बांधतात, त्यांना एस्कॉर्ट टग म्हणतात. ते पंख्यापेक्षा आपलं अंगच प्रवाहात तिरकं धरून जोर मिळवतात. 1989 मध्ये 'एक्सॉन वाल्डीझ'मधून अलास्कात तेल सांडल्यावर तिथे तेलवाहू जहाजांबरोबर असे दोन टग नेणं कायद्याने बंधनकारक झालं.

मुंबईकरांना 7 ऑगस्ट 2010 आठवत असेल. न्हावा-शेव्याहून निघालेलं 'एमएससी चित्रा' आणि मुंबई बंदराकडे येणारं 'खलिजिया 3' यांची टक्कर झाली, कंटेनर पाण्यात पडले, तेल पसरलं आणि दोन्ही बंदरांची वाट काही दिवस बंद पडली. टग सुटल्यानंतरचा रस्ता किती चिंचोळा आणि सामायिक आहे, ते त्या आठवड्यात सगळ्यांनी पाहिलं.

एक चांगली बातमीही आहे. टग डिझेल पितात ते प्रचंड, आणि निम्मा वेळ उभ्या उभ्याच. न्यूझीलंडमधल्या ऑकलंड बंदरात 2022 पासून 'स्पार्की' नावाचा 70 टनांचा टग पूर्ण बॅटरीवर चालतोय. आपल्याकडे 2024 मध्ये हरित टगची सरकारी योजना जाहीर झाली, आणि पहिल्या टप्प्यातल्या चार बंदरांत न्हावा-शेवाही आहे. लाँचमधून बघणाऱ्याला धुराचा लोट दिसणार नाही एवढंच, फेस मात्र तसाच उसळेल.

तर, जहाज वाटेला लागलं. पायलट म्हणतो, "आफ्ट टग, लेट गो." जहाजावरचे खलाशी फासा बोलार्डवरून काढतात आणि दोर सावकाश खाली सोडतात, सावकाश यासाठी की तो टगच्या पंख्यात जाऊ नये. टगवरचा यांत्रिक रहाट दोर गुंडाळून घेतो. पुढे समुद्रात पायलट दोराच्या शिडीने उतरून आपल्या छोट्या बोटीत उडी घेईल. टग तोपर्यंत थांबत नाही. तो जागच्या जागी गर्रकन फिरतो आणि बंदराकडे निघतो, कारण त्याच भरतीवर आत येणारं दुसरं जहाज मागे उभं असतं, आणि भरती उतरायला लागलेली असते.